मुलांच्या डोळ्यांची खाज आणि फ्रिजमधली जुनी बाटली

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात 'डोळ्यांची साथ' सुरू झाली की सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते, आणि त्या साथीच्या आडोशाला दुसरे एक दुखणे दरवर्षी बेमालूम लपून जाते. साथीत आलेले डोळे आठ-पंधरा दिवसांत निवळतात. पण ज्या मुलाचे डोळे मार्चपासून लाल आहेत, जे मूल मूठ वळून डोळे चोळत बसते आणि उन्हात पाऊल टाकताच मान खाली घालते, त्याचे डोळे 'आलेले' नसतात. त्याला बहुतेक वेळा डोळ्यांची जुनाट ॲलर्जी असते. डॉक्टरांच्या कागदावर ती 'व्हीकेसी' किंवा 'स्प्रिंग कटार' या नावाने लिहिलेली दिसेल. स्प्रिंग म्हणजे वसंत. हे नाव थंड देशांतून आले, कारण तिथे हा त्रास वसंतात उसळतो आणि हिवाळ्यात निवतो. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत तो बारमाही मुक्काम करतो, उन्हाळ्यात जरा जास्त उचल खातो इतकेच. म्हणून 'हा सीझन गेला की बरे वाटेल' या भरवशावर इथे राहता येत नाही.

एक दिलासा आधीच देतो. हा रोग बहुतेक मुलांना दहा वर्षांच्या आत धरतो आणि वयात येता येता आपोआप सोडून जातो. मुलग्यांमध्ये तो मुलींपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतो. प्रश्न मधल्या आठ-दहा वर्षांचा आहे. त्या काळात डोळ्याचे कायमचे नुकसान होते ते मुख्यतः तीन वाटांनी: बुबुळावर पडणारी जखम, सतत चोळून पातळ होणारे बुबुळ, आणि चिठ्ठीशिवाय पुन्हा पुन्हा आणलेली स्टेरॉइडची बाटली. पहिल्या दोन वाटा रोगाच्या आहेत. तिसरी आपण घरी आणतो, आणि हे पत्र मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

आधी ओळख. साथीच्या डोळ्यांत चिकचिक, टोचणी आणि पिवळट चिपडे असतात, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तोच त्रास असतो. ॲलर्जीत खाज सगळ्यांत पुढे. खाज नसेल तर निदानाचा पुन्हा विचार करावा, इतकी ती या रोगाची खूण आहे. घाण येते ती पांढरी, चिवट, तारेसारखी. आई ती कोपऱ्यातून ओढते आणि ती तुटत नाही, लांबत जाते. (अशी ओढू नये, त्याने आणखी सुटते. गार पाण्याने धुऊन काढावी.) डोळ्याचा पांढरा भाग काही महिन्यांनी मळकट तपकिरी दिसू लागतो. पुष्कळदा त्यालाच कावीळ समजून मुलाला भलतीकडे नेले जाते. वरची पापणी जड होऊन अर्धवट मिटते. ती पापणी डॉक्टर उलटतात तेव्हा आत डाळिंबाचे दाणे दाबून बसवावेत तसे चपटे उंचवटे दिसतात, काही एक मिलिमीटरहून मोठे. काही मुलांत पापणी बरी असते, पण बुबुळाच्या कडेने जेलीसारखी फुगीर किनार येते आणि तिच्यावर खडूच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतात. त्यांना ट्रांटास ठिपके म्हणतात. आपल्या देशात दोन्ही प्रकार एकाच डोळ्यात पुष्कळदा सापडतात. पापणी न उलटता दिलेले निदान अर्धे असते, हे पालकांनी बिनदिक्कत विचारावे: 'पापणी उलटून पाहिलीत का?'

आता बाटली. मुलाला पहिल्यांदा जोराचा त्रास होतो तेव्हा डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइडचे थेंब देतात. ते योग्यच आहे, जोराच्या सुजेवर इतके लवकर काम करणारे दुसरे औषध नाही. दोन दिवसांत डोळे पांढरे होतात, मूल शाळेत जाते. महिन्या-दीड महिन्याने खाज परत येते. मग कोपऱ्यावरच्या फार्मसीत रिकामी बाटली दाखवायची, तीच मागायची, तीच मिळते. कोणाचाही हेतू वाईट नसतो. औषध गुणकारी आहे म्हणूनच हे घडते, आणि म्हणूनच ते थांबवणे अवघड जाते.

डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असते आणि कडेच्या बारीक जाळीतून ते झिरपून बाहेर जाते. स्टेरॉइडने ही जाळी तुंबू शकते. पाणी साचते, आतला दाब चढतो. साधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. मोठ्या माणसांत ढोबळ मानाने तिघांपैकी एकाचा दाब या थेंबांनी वाढतो, शंभरातल्या पाच जणांचा फारच वाढतो. मुलांत तो अधिक लवकर आणि अधिक वर जाऊ शकतो, कधी दोन-तीन आठवड्यांतच. वाढलेला दाब डोळ्यामागची नस दाबत राहतो आणि नजरेचा परीघ कडेकडून विझत येतो. याला काचबिंदू म्हणतात. यात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, उलट ॲलर्जी आटोक्यात असल्यामुळे तो छान पांढरा दिसतो. समोरचा फळा मूल शेवटपर्यंत वाचते. गेलेली नजर ना औषधाने परत येते ना शस्त्रक्रियेने. दुसरा परिणाम मोतीबिंदूचा. तो निदान काढता येतो, पण बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग घालणे ही साठीतल्या माणसाच्या मोतीबिंदूइतकी सरळ गोष्ट नाही.

बाटलीत स्टेरॉइड आहे की नाही, हे घरच्या घरी ओळखता येते. ब्रँडचे मोठे नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात छापलेली औषधांची नावे वाचा. भिंग घ्यावे लागले तरी घ्या. नावाच्या शेवटी इंग्रजी 'ओ-एन-ई' ही तीन अक्षरे असतील, किंवा नावात कुठेही 'पी-आर-ई-डी' असेल, तर ते स्टेरॉइड समजावे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन ही पहिल्या खुणेची. लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट दुसरीची. प्रेडनिसोलोनला दोन्ही खुणा लागू पडतात. अपवाद एक, पोव्हिडोन. ते डोळ्यांत ओलावा राखणाऱ्या काही थेंबांत असते आणि निरुपद्रवी आहे. सर्वांत फसवे थेंब म्हणजे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले. घरात त्यांना 'अँटिबायोटिकची बाटली' म्हणतात आणि बिनघोर घालतात. ब्रँडच्या नावाला शेवटी 'डी' जोडलेला असेल तर तो बहुधा डेक्सामेथासोनचा असतो. या ॲलर्जीत जंतू नसतात, त्यामुळे त्यातल्या अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. आराम पडतो तो सगळा स्टेरॉइडचा.

थोडा हिशेब मांडतो, कारण तो कोणत्याही उपदेशापेक्षा उपयोगी पडतो. डॉक्टर सौम्य स्टेरॉइडचा कोर्स साधारण असा देतात: पहिला आठवडा दिवसाला चार वेळा, दुसरा तीन वेळा, तिसरा दोन, चौथा एक, मग बंद. दोन्ही डोळे धरून १४० थेंब झाले. पाच मिलिलिटरच्या बाटलीत शंभर ते दीडशे थेंब निघतात. म्हणजे एक बाटली एका कोर्सला जेमतेम पुरते, आणि उघडलेली बाटली अठ्ठावीस दिवसांनी तशीही टाकून द्यायची असते. त्याच चिठ्ठीवर दुसरी बाटली आणायची पाळी आली, तर बहुतेक वेळा आपण कोर्सच्या बाहेर पडलेलो असतो. तिथेच थांबून दाब मोजून घ्यावा. खरे तर तो कोर्सच्या आधी एकदा आणि नंतर प्रत्येक फेरीला मोजायला हवा. मुलाला सुई लागत नाही. हवेचा झोत सोडणारे यंत्र असते, किंवा बुबुळाला पापणीच्या केसाइतका हलका स्पर्श करणारे. दोन मिनिटांचे काम.

हे थेंब औषध नियमांच्या 'शेड्यूल एच'मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत. नियम जुना आहे आणि स्पष्ट आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने निदान लहान मुलांसाठी मागितल्या जाणाऱ्या या बाटल्यांकडे लक्ष द्यावे, आणि फार्मासिस्टांनी 'चिठ्ठी कधीची आहे?' एवढे विचारावे, ही आमची विनंती.

मग मुलाने खाजवतच राहायचे का? नाही. रोजच्या वापराची औषधे वेगळी आहेत आणि ती दाब वाढवत नाहीत. ओलोपॅटाडिन ०.१ टक्के दिवसातून दोनदा, किंवा ०.२ टक्के एकदाच. केटोटिफेन किंवा बेपोटास्टिन दोनदा. ही खाजही थांबवतात आणि खाजेचे रसायन सोडणाऱ्या पेशींना आवरही घालतात. जुने, स्वस्त सोडियम क्रोमोग्लायकेट चार वेळा घालावे लागते आणि गुण यायला एक-दोन आठवडे जातात; तिसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून ते सोडून देणारे पालक पुष्कळ. शाळकरी मुलाला शक्यतो दोन वेळांचेच औषध मागावे, सकाळी आणि रात्री. मधल्या सुट्टीतला थेंब कागदावरच राहतो.

एवढ्याने भागले नाही, वर्षातून तीन-चारदा स्टेरॉइड लागू लागले, तर पुढची पायरी सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे ०.०३ टक्के मलम. ही शरीराची अतिरेकी प्रतिक्रिया शांत करतात, काचबिंदू करत नाहीत. पण यांचा गुण आठवड्यांनी येतो, आणि पहिले काही दिवस चांगलीच चुरचुर होते. इथेच गाडी अडते: मूल रडते, आजी म्हणते औषध लागू पडले नाही, आणि घरात पुन्हा जुनी बाटली निघते. चुरचुर होणार हे आधी सांगितलेले असले तर निम्मे घरचे लोक टिकून राहतात. थेंब फ्रिजच्या दारात ठेवून गार घातले तर त्रास कमी होतो. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नयेत. मलम डोळ्यांसाठी बनवलेलेच घ्यावे, त्वचेच्या मलमाची ट्यूब आपल्या मनाने डोळ्यात वापरू नये. रात्री खालच्या पापणीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढे पुरते.

थेंब घालण्याची पद्धतही बहुतेक घरी चुकते. डोळ्यात औषध मावते ते एका थेंबाहून कमी, त्यामुळे दोन-तीन थेंब घातले की उरलेले गालावर. मुलाला उताणे झोपवा, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, एक थेंब त्यात. बाटलीचे टोक पापण्यांना लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट एक-दोन मिनिटे दाबून धरा, नाही तर औषध नळीवाटे नाकात आणि घशात उतरते. मूल डोळा उघडतच नसेल तर मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि उघड म्हणा, तो आपोआप आत जातो. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर, मलम सर्वांत शेवटी. दुधी रंगाचे थेंब वापरण्याआधी नीट हलवावेत. ती पूड तळाशी बसते आणि मग सुरुवातीला नुसते पाणी, शेवटी दाट औषध असे होते.

चोळण्याबद्दल पालक मुलांना ओरडतात, त्याने काही होत नाही. खाज ही दम देऊन थांबणारी गोष्ट नाही. हाताला पर्याय द्यावा लागतो. स्वच्छ रुमाल फ्रिजमधल्या पाण्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवायचा, दिवसातून तीन-चारदा. बर्फ थेट लावू नये. बुबुळाची पारदर्शक काच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. वर्षानुवर्षे बोटांच्या पेरांनी दाबली गेली की ती पातळ होऊन शंकूसारखी पुढे येऊ शकते, ज्याला केराटोकोनस म्हणतात. खूण सोपी आहे: चष्म्यातला तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल, नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो आणि नवा चष्मा लावूनही अक्षरे स्पष्ट दिसत नाहीत. अशा वेळी चष्म्याचे दुकान बदलण्यात अर्थ नाही, बुबुळाचा नकाशा काढून घ्यावा. वेळेवर कळले तर बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून बुबुळ घट्ट करता येते. पण तेही आधी चोळणे थांबले तरच टिकते.

थांबायचे नाही अशी एकच स्थिती: खाजणारे मूल अचानक दुखते म्हणू लागले, सकाळी डोळा उघडेना, किंवा बुबुळाच्या वरच्या भागात पांढरा डाग दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. पापणीतले ते खडबडीत दाणे आणि सुजेतून सुटणारी द्रव्ये मिळून बुबुळाला ढालीच्या आकाराची जखम करतात. तिच्यावर पांढरा थर धरला की औषध आत पोहोचत नाही आणि तो खरवडून काढावा लागतो.

घरातल्या गोष्टी. गोव्याच्या दमट हवेत गादी-उशांतले धुळीचे सूक्ष्म किडे, ज्यांना माइट म्हणतात, आणि भिंतींवरची बुरशी यांना आयते रान मिळते. पलंगपोस आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंश तापलेल्या पाण्यात धुवावेत. जून ते सप्टेंबर ओले कपडे मुलाच्या खोलीत दोरीवर वाळवू नयेत. जागा नाही हे खरे, पण निदान त्या खोलीत नको. कापडी खेळणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि मग धुवावीत. एसीची जाळी महिन्याला धुवावी. चवथीचा धूप, नरकासुराच्या पहाटेचा धूर, शिगम्याचा गुलाल यांतून मुलाला बाजूला काढणे क्रूर वाटते. त्याऐवजी कडेने बंद असलेला साधा चष्मा, डोक्यावर टोपी, आणि घरी आल्यावर तोंड व केस धुणे एवढे केले तरी बराच फरक पडतो. खाणपट्ट्यातली किंवा चिरेखाणीची तांबडी धूळ स्वतः ॲलर्जी आणत नसली तरी टोचते, आणि टोचले की हात डोळ्याकडे जातो.

मासळी, अंडी, थंड पदार्थ बंद करून या डोळ्यांत काही सुधारत नाही. मूल तेवढे वाळते. त्वचेवर टोचून करायच्या महागड्या ॲलर्जी चाचण्याही या रोगात सुमारे निम्म्या मुलांत काहीच दाखवत नाहीत, म्हणून त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. ती निर्जंतुक नसतात आणि बुबुळावर आधीच ओरखडे असतात.

शाळांना दोन शब्द. हे डोळे संसर्गजन्य नाहीत. खाजरे, लाल डोळे दिसले म्हणून महिन्यातून आठ दिवस मुलाला घरी पाठवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवायला सांगा. त्याला खिडकीच्या चकाकीपासून दूर बसवा, मैदानावर टोपी आणि गडद चष्मा चालू द्या, त्याला कोणी 'हिरो' म्हणून चिडवणार नाही याकडे बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात तेव्हा तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतात. या रोगाचे मूल, अगदी काचबिंदूची सुरुवात झालेलेही, शेवटची ओळ घडाघडा वाचू शकते. म्हणून तपासणीच्या कागदावर दोन प्रश्न वाढवावेत: डोळे महिनाभराहून जास्त खाजतात का? आणि घरी कोणते थेंब घालता?

ज्यांच्या घरी स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने चालू आहेत, त्यांनी हे पत्र वाचून ते आजच तोडू नयेत. एकदम बंद केले की सूज दुप्पट जोराने उलटते. पण याच आठवड्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, वा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे मुलाला न्यावे. सोबत घरातल्या झाडून सगळ्या बाटल्या एका पिशवीत घ्याव्यात, रिकाम्यासुद्धा, आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे चष्म्याच्या नंबरांचे कागद. तिथे तीन गोष्टी करून मागाव्यात: दाब मोजणे, पापणी उलटून पाहणे, आणि बाहुली मोठी करून मागची नस तपासणे. बाहुली मोठी करायच्या थेंबांनंतर काही तास मुलाला जवळचे धूसर दिसते, तेव्हा दुसऱ्या दिवशी परीक्षा नसेल असा दिवस निवडावा.

आपले,
नेत्रचिकित्सेच्या क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर आणि ऑप्टोमेट्रिस्ट
फोंडा, गोवा